मुखवटा उतरवल्यावर घरी कोण येतं?

सांजवात (धागाकर्ती)

पाऊस पडतोय. दफनभूमीत एक तरुण गुडघे टेकून बसलाय आणि आईवडिलांच्या थडग्याशी बोलतोय. १९९३ साली आलेल्या 'मास्क ऑफ द फँटॅझम' या बॅटमॅनच्या ॲनिमेशनपटातला हा प्रसंग आहे. ब्रूस वेनने अजून तो वटवाघळाचा वेश चढवलेला नाही. रात्री चोरांच्या मागे लागायला नुकती सुरुवात झालीय आणि मध्येच तो अँड्रिया नावाच्या मुलीच्या प्रेमात पडलाय. आईवडिलांकडे तो सुटका मागतो. शहरासाठी पैसे देईन, दुसऱ्या कुठल्या मार्गाने काही करेन, पण त्या वचनातून मला मोकळं करा. आणि मग तो त्यांना सांगतो की आता पूर्वीसारखं दुखत नाही. हे वाक्य ऐकताना दरवेळी माझ्या पोटात कालवतं. कारण तो ते चांगली बातमी म्हणून सांगत नाही, कबुली दिल्यासारखं सांगतो. जखम भरत आली हाच जणू त्याचा गुन्हा.

मुखवटाधारी नायकांच्या खासगी आयुष्यावर बोलताना आपण बहुतेकदा वेळेचा हिशोब मांडतो. रात्रभर छतांवरून उड्या मारायच्या, मग संसार कधी करायचा? ब्रूसच्या बाबतीत मला हा हिशोब पटत नाही. त्याच्याकडे पैसा आहे, मोठं घर आहे, दिवस मोकळा आहे. त्याला कमी पडते ती परवानगी. सुखी व्हायची परवानगी.

बॅटमॅन पहिल्यांदा आला मे १९३९ च्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स' २७ मध्ये, आणि त्याच्या आईवडिलांच्या खुनाची गोष्ट आली त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, ३३ व्या अंकात. जेमतेम दोन पानं. त्यात एक चौकट आहे: लहानगा ब्रूस पलंगाशी हात जोडून बसलाय आणि शपथ घेतोय की उरलेलं सगळं आयुष्य सगळ्या गुन्हेगारांशी लढण्यात घालवीन. पुढच्या बहुतेक आवृत्त्यांत त्याचं वय आठ धरलंय. आता ही शपथ नीट वाचा. 'सगळं आयुष्य', 'सगळे गुन्हेगार'. आठ वर्षांचं मूल अशीच शपथ घेणार. त्याला कुठे ठाऊक असतं की माणसाला थकवा येतो, प्रेम होतं, चाळिशी येते? त्या शपथेत ती कधी पूर्ण झाली असं समजायचं, हेच कुठे सांगितलेलं नाही. आणि मग एक मोठा, बुद्धिमान माणूस जन्मभर त्या आठ वर्षांच्या मुलाच्या हुकमात राहतो.

पीटर पार्करचं, म्हणजे स्पायडरमॅनचं, दुखणं वेगळं. ऑगस्ट १९६२, 'अमेझिंग फँटसी' १५. पळून जाणाऱ्या चोराला तो अडवू शकत होता, त्याने अडवलं नाही, आणि त्याच चोराने त्याला वाढवणाऱ्या बेनकाकांना मारलं. ब्रूस त्या रात्री असहाय होता, पीटर असहाय नव्हता. मला वाटतं पुढचा सगळा फरक इथून सुरू होतो. असहाय झालेला माणूस मोठेपणी प्रत्येक गोष्ट आपल्या मुठीत ठेवू बघतो, माणसंसुद्धा. अपराधी वाटणारा माणूस फेड करत राहतो. म्हणून ब्रूसला घरी यायचंच नसतं, आणि पीटरला जिवापाड घरी यायचं असतं पण तो पोचत नाही. त्याची प्रत्येक भेट चुकते, प्रत्येक वाढदिवसाला तो उशिरा येतो.

मॅट मर्डॉकबद्दल, म्हणजे डेअरडेव्हिलबद्दल, एवढंच लिहिते की त्याच्या मुष्टियोद्धा बापाला मुलाने हाणामारीपासून लांब राहून शिकावं असं वाटत होतं. मॅट दिवसा वकिली करून बापाचं ऐकतो आणि रात्री त्याच्यासाठीच त्याचा शब्द मोडतो.

तुम्हाला काय वाटतं? यांच्यापैकी कुणाला हे जमलंय असं म्हणता येईल का? आणि जमलं असेल तर कशामुळे?

पाणकावळा

छान धागा. माझं उत्तर: डिक ग्रेसन, बॅटमॅनचा पहिला साथीदार रॉबिन.

एप्रिल १९४०, 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स' ३८. सर्कशीतलं झुल्यावरचं कुटुंब. खंडणीसाठी दोर कमजोर केलेले, आईबाप पोराच्या डोळ्यांसमोर खाली पडून मरतात. म्हणजे ब्रूसच्या वाट्याला आलं तेच. त्यानेही शपथ घेतली, त्यानेही मुखवटा घातला. पण हा मुलगा हसतो, मित्र जोडतो, प्रेमात पडतो, टायटन्स या तरुण नायकांच्या गटाचं नेतृत्व करतो. १९८४ मध्ये रॉबिनचा वेश उतरवून तो नाइटविंग होतो, म्हणजे मोठा होऊन बापाच्या घरातून बाहेर पडावं तसा बाहेर पडतो. ब्रूस आईवडील मारले गेले त्या गल्लीतून कधी बाहेर पडलाच नाही.

आघात तोच, कर्तव्य तेच, मग फरक कसला? माझ्या मते फरक एकच. डिकला त्या रात्रीनंतर असा माणूस भेटला ज्याला हे दुःख आतून माहीत होतं. ब्रूसला तसं कुणी मिळालं नाही.

वाटसरू

+१. डिकचं उदाहरण चपखल आहे. वाचतोय.

रातराणी

मी कॉमिक्स फार वाचलेले नाहीत, सिनेमे पाहिलेत. पण विषय माझ्या जवळचा आहे म्हणून लिहिते. मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे, बरीच वर्षं रात्रपाळ्या केल्यात.

सांजवात, तुम्ही म्हणता की त्या शपथेला शेवट नाही. आमच्याकडे त्या शेवटाला हँडओव्हर म्हणतात. सकाळी पुढच्या पाळीची सिस्टर येते. मी तिच्याबरोबर एकेका खाटेपाशी उभी राहते. या पेशंटला रात्री काय झालं, कुठलं औषध किती वाजता दिलं, लघवी किती झाली, कुठल्या गोष्टीकडे डोळा ठेवायचा, सगळं सांगते. शेवटच्या खाटेचं सांगून झालं की खांद्यावरून काहीतरी खाली उतरतं. पेशंट बरा झालेला नसतो. रात्री कुणी गेलेलंही असतं. पण आता तो माझा एकटीचा राहत नाही.

बॅटमॅन पहाटे घरी येतो तेव्हा तो कुणाला हँडओव्हर देतो? कुणालाच नाही. शहर तसंच त्याच्या खांद्यावर, आणि तो झोपायला जातो. अशी झोप मी अनुभवली आहे. एकदा माणसं कमी होती म्हणून सलग पाळ्या झाल्या, हँडओव्हर धड झालाच नाही, आणि घरी गादीवर पडल्यावरही कानात मॉनिटर वाजत होता. माझी मुलगी हळूच येऊन पाठीला बिलगली आणि मी दचकून तिचा हात झटकला. ती चार वर्षांची होती. रडली नाही, नुसती दोन पावलं मागे सरकली. ती दोन पावलं मी अजून विसरलेले नाही.

म्हणून म्हणते, किती तास काम केलं यापेक्षा काम कुणाच्या हाती सोपवून आलात हे जास्त महत्त्वाचं आहे.

सांजवात

रातराणी, हा प्रतिसाद मी तीनदा वाचला. धाग्यात मी जे शोधत होते ते तुम्ही एका शब्दात दिलंत. डिकला टायटन्स होते, म्हणजे त्याच्यापाशी हँडओव्हर घेणारे लोक होते.

कागदी_होडी

समुपदेशन करते, म्हणून थोडं त्या बाजूने. काल्पनिक पात्राला आजाराचं लेबल लावणं मला आवडत नाही, जिवंत माणसांनाही ते फार घाईने लावलं जातं. तरी काही गोष्टी बोलण्यासारख्या आहेत.

पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागे राहणारा मानसिक त्रास, हे नाव अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या यादीत १९८० साली आलं. म्हणजे ब्रूस, पीटर, मॅट ही सगळी पात्रं हे नाव मिळायच्या आधी लिहिली गेली. लेखकांकडे शब्द नव्हता, पण निरीक्षण होतं. सतत सावध राहणं, झोप नसणं, तीच रात्र पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणं, जवळच्या माणसांपासून तुटल्यासारखं वाटणं, सगळं त्यांनी नेमकं टिपलंय.

पण एक गोष्ट जुळत नाही. आघात झालेला माणूस सहसा ती जागा, ती वेळ टाळतो. ब्रूस उलटं करतो. १९७६ च्या एका गाजलेल्या कथेत तो दरवर्षी खुनाच्या तारखेला त्या गल्लीत जातो आणि लेस्ली टॉम्पकिन्सला भेटतो. ही म्हातारी बाई म्हणजे त्या रात्री त्याला जवळ घेणारी व्यक्ती. (पाणकावळा, म्हणजे ब्रूसला कुणीच मिळालं नाही असं अगदीच नाही.) आणि बाकीचे ३६४ दिवसही तो करतो काय? रात्री अंधाऱ्या गल्ल्यांत जाऊन बंदूक रोखलेल्या माणसासमोर उभा राहतो. तोच प्रसंग, फक्त या वेळी शेवट बदलायचा. एकाच प्रसंगाकडे पुन्हा पुन्हा ओढलं जाण्याबद्दल फ्रॉइडने १९२० मध्येच लिहून ठेवलंय.

ज्युडिथ हर्मन या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी सावरण्याचे तीन टप्पे सांगितलेत: आधी सुरक्षितता, मग झालेलं आठवून त्याचा शोक करणं, मग माणसांशी पुन्हा जोडलं जाणं. काही लोक आपल्या वेदनेतून एखादं कार्य उभं करतात, हेही त्यांनी नोंदवलंय, आणि त्याकडे त्या आदराने बघतात. तेव्हा बॅटमॅन होणं हे मुळात आजारपण आहे असं मला म्हणायचं नाही. माझी तक्रार एवढीच की ब्रूसने मधला टप्पा गाळला. तो रडलाच नाही. थेट शपथेवर उडी मारली. आणि कर्तव्य ही शोक लपवायला फार सोयीची जागा असते, कारण तिथे लोक तुम्हाला शाबासकी देतात. कामात बुडवून घेतलेल्या माणसाला 'तू ठीक आहेस ना' असं कुणी विचारत नाही.

खडूफळा

मला हे सगळं पटत नाही, स्पष्टच लिहितो.

ब्रूस सुखी होत नाही कारण प्रकाशकाला पुढच्या महिन्यात अंक काढायचा असतो. २०१८ मध्ये 'बॅटमॅन'च्या ५० व्या अंकात त्याचं आणि सेलिनाचं, म्हणजे कॅटवुमनचं, लग्न ठरलं होतं. वर्षभर वाट बघायला लावली. शेवटी ती येत नाही, चिठ्ठी ठेवून जाते. तुझ्यातली वेदनाच तुला माणसं वाचवायला लावते, सुखी झालास तर ते थांबेल, अशा अर्थाची. पीटरचं लग्न १९८७ मध्ये झालं, २० वर्षं टिकलं, आणि २००७ मध्ये बेनकाकांच्या बायकोचा, मे काकूचा जीव वाचवायच्या बदल्यात एका सैतानाने ते लग्न जगाच्या स्मृतीतून पुसून टाकलं. वीस वर्षांचा संसार! मी ते वाचून अंक मिटवला आणि कित्येक महिने पुन्हा हात लावला नाही. हे काही आघाताचे परिणाम नव्हेत. पात्र म्हातारं होऊ नये, संसारी वाटू नये म्हणून घेतलेले हे निर्णय आहेत, आणि आपण त्यावर मानसशास्त्राची चादर घालतोय.

शिवाय यातून वाचकाच्या मनात एक घातक कल्पना रुजते: दुःख गेलं तर तुमची ताकदही जाईल. सेलिनाच्या चिठ्ठीचा अर्थ हाच होतो. कितीतरी हुशार माणसं मदत घेत नाहीत ती याच भीतीने. माझा सख्खा भाऊ त्यातला आहे. 'हे दुःख गेलं तर मी लिहू शकणार नाही' असं म्हणत त्याने उपचार लांबवले. शेवटी घेतले. आज लिहितो आहे, पूर्वीपेक्षा नियमित लिहितो आहे.

कागदी_होडी

खडूफळा, तुमच्या भावाबद्दल वाचून बरं वाटलं. आणि चिठ्ठीबद्दल मी तुमच्याच बाजूने आहे. वेदना हे इंधन आहे ही समजूत मी रोज ऐकते. माणूस वेदनेमुळे काम करत नसतो, वेदना असूनही करत असतो.

पाणकावळा

खडूफळांचा मुद्दा अर्धा मान्य. पण त्या निर्णयांत वाचकही सामील असतात. १९८८ मध्ये दुसरा रॉबिन, जेसन टॉड, जगावा की मरावा यावर दूरध्वनीवरून मतदान घेतलं होतं. ५,३४३ मतं मरावा म्हणून, ५,२७१ जगावा म्हणून. फक्त ७२ मतांचा फरक. आणि त्या ७२ मतांचं ओझं ब्रूस पुढे कित्येक वर्षं वाहतो. जेसनचा गणवेश बॅटमॅनच्या गुहेत काचेच्या पेटीत उभा आहे. कामावर जाता येता रोज दिसेल असा.

त्या काचेच्या पेटीबद्दल मी खूप विचार केलाय. घरात गेलेल्या माणसाचा फोटो लावणं वेगळं. तो फोटो आपण अशा जागी लावतो जिथे बसून त्याच्याशी बोलता येईल. ब्रूसने पेटी ठेवलीय ती कामाच्या जागी. तिच्यासमोर बसायला खुर्ची नाही.

सांजवात

खुर्ची नाही, हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

खडूफळा, तुमचा राग समजतो, आणि तो खरा आहे. तरी एक सांगते. निर्णय धंद्यासाठी घेतले असतील, पण ते वाचताना आपल्याला काहीतरी ओळखीचं वाटतं म्हणून आपण हळहळतो. उगाच तोडलेली लग्नं कथांमध्ये ढीगभर असतात. ही दोन का लागतात मनाला? कारण सुख हातातोंडाशी आल्यावर ते नाकारणारी माणसं आपण जवळून पाहिलेली असतात.

झुंजुमुंजू

मला गुपिताबद्दल लिहायचंय. माझ्या मते संसार मोडतो तो कर्तव्याने नाही, लपवाछपवीने.

पीटर किती वर्षं मे काकूपासून लपवतो? कॉमिक्सच्या काळात १९६२ पासून जवळजवळ ४० वर्षं. कारण काय, तर तिला धक्का सोसणार नाही. मग २००२ च्या सुमारास एक अंक आला. एका दिवशी ती त्याला फाटलेल्या वेशात, मारून काळानिळा झालेला झोपलेला बघते, आणि पुढचा अख्खा अंक म्हणजे त्या दोघांचं फक्त बोलणं. मारामारी नाही, खलनायक नाही. त्या बोलण्यात कळतं की बेनच्या मृत्यूचा दोष दोघंही आपापल्या माथी घेऊन जगत होती. तिला वाटायचं त्या रात्री आपलं भांडण झालं म्हणून तो बाहेर पडला. त्याला वाटायचं आपण चोराला सोडलं म्हणून तो मेला. एकाच घरात, एकाच जेवणाच्या टेबलावर, एकमेकांना जपण्यासाठी गप्प.

तिला जपतोय असं तो म्हणत होता आणि तिला एकटीला तो दोष वाहायला लावत होता. गुपित राखणाऱ्याला वाटतं की आपण सगळा भार एकट्याने उचललाय. समोरच्याने काय उचललंय हे विचारायची सोयच त्याने ठेवलेली नसते.

पाणकावळा

याची दुसरी बाजूही आहे. मॅट मर्डॉकने त्याच्या प्रेयसीला, कॅरन पेजला, आपलं गुपित सांगितलं. १९८६ च्या कथेत व्यसनात बुडालेली कॅरन एका डोसासाठी त्याचं नाव विकते. ते नाव किंगपिन या गुन्हेगारांच्या म्होरक्यापर्यंत पोचतं, आणि मॅटची वकिली जाते, घर उडवलं जातं, डोकं ठिकाणावर राहत नाही. मुखवटा उगाच नसतो. आतल्या माणसांसाठी तो भिंत आहे.

झुंजुमुंजू

मान्य. पण त्याच कथेच्या शेवटी काय होतं? मॅट कॅरनला परत जवळ करतो. दोघांपाशी काही उरलेलं नाही, लपवायलाही काही उरलेलं नाही, आणि हेल्स किचनच्या रस्त्यावरून ती दोघं चालतायत. मॅट इतका हलका त्याआधी क्वचितच दिसला असेल.

पाणकावळा

हो. ते शेवटचं चित्र मी विसरलो होतो. बरोबर आहे तुमचं.

कवडसा

कुणीच वेताळाचं नाव काढलं नाही याचं आश्चर्य वाटलं. आपल्यातल्या कित्येकांचा पहिला मुखवटाधारी नायक तोच, ली फॉकचा फँटम. फेब्रुवारी १९३६ मध्ये आला, म्हणजे बॅटमॅनच्याही तीन वर्षं आधी.

त्याच्याही मुळाशी खून आहे. सोळाव्या शतकात चाच्यांनी जहाज लुटलं, बाप मारला गेला, मुलगा एकटा किनाऱ्याला लागला, आणि बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून त्याने शपथ घेतली. पण धाग्यातल्या प्रश्नाशी याचा संबंध असा, की त्या शपथेतच पुढच्या पिढ्या आहेत. माझे मुलगे, नातू, पणतू हे काम चालवतील. त्यामुळे लग्न करणं, मूल वाढवणं हा कर्तव्याचाच भाग झाला. आपण वाचतो तो एकविसावा. त्याचं आणि डायनाचं लग्न १९७७ मध्ये झालं, पुढे जुळी मुलं झाली, आणि ती स्वतःची संयुक्त राष्ट्रांतली नोकरी करते. कवटीच्या गुहेत संसार चालतो. रातराणींच्या शब्दांत सांगायचं तर तिथे हँडओव्हर ठरलेला आहे, बापाकडून मुलाकडे.

अर्थात जन्मायच्या आधीच मुलाच्या खांद्यावर शपथ ठेवणं बरोबर की नाही, हा प्रश्न मला मोठेपणी पडायला लागला. लहानपणी फक्त अंगठीची कवटी दिसायची. पण एवढं खरं की तो बायकोशी खोटं बोलत नाही.

रातराणी

मला ब्रूसच्या घरातल्या म्हाताऱ्या नोकराबद्दल, आल्फ्रेडबद्दल विचारायचं होतं. आपण सगळे नायकाच्या मनावर बोलतोय. रोज पहाटे टाके कोण घालतं?

पाणकावळा

रातराणी, १९८७ च्या एका कथेत तुम्ही म्हणता तेच दृश्य आहे. ब्रूस पहिल्या रात्री मार खाऊन घरी येतो आणि रक्त गळत असताना वडिलांच्या पुतळ्यासमोर खुर्चीत बसतो. हाताशी घंटी आहे. वाजवली तर आल्फ्रेड येईल, रक्त थांबवेल. पण तो वाजवत नाही. बसून राहतो, वडिलांना विचारत राहतो की लोकांना माझी भीती वाटावी म्हणून मी काय करू. मग खिडकी फोडून वटवाघूळ आत येतं, त्याचं उत्तर त्याला मिळतं, आणि तेव्हा तो घंटी वाजवतो.

रातराणी

म्हणजे कारण सापडेपर्यंत तो मदत मागत नाही. जगायला कारण असेल तरच रक्त थांबवायचं.

आणि तो म्हातारा दुसऱ्या खोलीत घंटीकडे कान लावून बसलेला. ती घंटी वाजेपर्यंतची रात्र त्याने कशी काढली असेल ते कुणी चितारलंय का?

पाणकावळा

माझ्या वाचनात नाही. २०१९ मध्ये बेनने आल्फ्रेडला मारलं तेव्हा मात्र पहिल्यांदाच कळलं की त्या घराला घर कोण करत होतं.

वाटसरू

दुरुस्ती: बेनने, म्हणजे बेन नावाच्या त्या खलनायकाने. वर बेनकाका आहेत म्हणून गोंधळ होऊ नये.

अबोली

बरेच दिवस नुसतं वाचते, आज खाते उघडून लिहितेय. माझे यजमान अग्निशमन दलात आहेत.

रातराणींनी जे विचारलं ना, घंटी वाजेपर्यंतची रात्र, ती मी ओळखते. लग्नानंतर पहिली काही वर्षं मी त्यांना प्रत्येक वेळी विचारायची, काय झालं, कुणी सापडलं का. ते म्हणायचे, काही नाही, साधा कॉल होता. मी कपडे धुवायला घ्यायचे तेव्हा वासावरून मला कळायचं की साधा नव्हता. जळक्या प्लास्टिकचा वास वेगळा असतो आणि दुसरा एक वास वेगळा असतो. ते मला जपत होते. झुंजुमुंजू म्हणतात तसंच.

एकदा एक लहान मूल वाचलं नाही. त्या रात्री ते आले आणि माझ्यावर ओरडले. जेवण गार झालं यावरून. मला जा म्हणाले, माहेरी जा, मला कुणी नको. मी खरंच दारापर्यंत गेले होते. चप्पल पायात घातली होती.

नंतर खूप वर्षांनी मुलाने त्याच्या संग्रहातला स्पायडरमॅनचा एक जुना अंक दाखवला. पीटरची प्रेयसी ग्वेन मेल्यानंतरचा. तिला पुलावरून पडताना पीटरने जाळं टाकून पकडलं आणि त्याच झटक्याने तिची मान गेली, एवढं मुलाने सांगितलं. म्हणजे त्याने वाचवायला जे केलं त्यानेच. त्या अंकाच्या शेवटच्या पानावर पीटर त्याच्या मैत्रिणीवर, मेरी जेनवर ओरडतो, निघून जा म्हणतो, तुला कुणाच्या मरणाचं काय, असलं काहीतरी लागेल असं बोलतो. ती रडत दारापर्यंत जाते. दार उघडं आहे. ती थांबते. आणि मग दार लावून घेते, आतून. शेवटच्या चौकटीत फक्त दार लागल्याचा आवाज आहे.

मी ते पान हातात घेऊन कितीतरी वेळ बसले. मुलगा विचारत होता, आई काय झालं.

त्या रात्री मी चप्पल काढली होती. काही बोलले नाही, त्यांच्या शेजारी जाऊन बसले. पहाटेच्या सुमाराला त्यांनी त्या मुलाच्या अंगावर कुठल्या रंगाचा शर्ट होता ते सांगितलं. एवढंच. पण त्यानंतर 'साधा कॉल होता' असं ते कधी म्हणाले नाहीत. आता म्हणतात, आज बोलायला नको, उद्या बोलू. आणि दुसऱ्या दिवशी बोलतात.

मी त्यांना कधी सांगितलं नाही की चप्पल घातली होती.

कागदी_होडी

अबोली, लिहिलंत हे फार बरं केलंत. 'आज नको, उद्या बोलू' आणि मग उद्या खरंच बोलणं, हे जमायला माणसांना वर्षं लागतात.

खडूफळा

मी वर रागाने लिहिलं होतं, ते मागे घेत नाही, पण अबोलींचा प्रतिसाद वाचून ते पान पुन्हा बघावंसं वाटतंय. माझ्याकडचे अंक बरेच इकडेतिकडे झालेत. कुठला अंक तो, कुणी सांगेल का?

पाणकावळा

'अमेझिंग स्पायडरमॅन' १२२, जुलै १९७३. ग्वेनचा मृत्यू आदल्या अंकात, १२१ मध्ये. दोन्ही सलग वाचा.

सांजवात

मी आत्ताच काढून बसलेय. दार लावताना तिचा हात कडीवर आहे, आणि चेहरा आपल्याला दिसतो, पीटरला दिसत नाही. त्याची पाठ तिच्याकडे आहे.

अबोली, यजमानांना सांगा, एका अनोळखी बाईने त्यांची चौकशी केली म्हणून.

अबोली

सांगते. आज रात्रपाळी आहे त्यांची. सकाळी आले की सांगते.